पहिल्या कडव्यापर्यंतचा बँड

ज्या बँडची गाणी पूर्ण होतात, त्यांच्याकडे सांगायला गाणी असतात. आमच्याकडे किस्से आहेत. एकत्र येऊन दोन वर्षं झाली, या दसऱ्यापर्यंत शेवटाला नेलेलं एकही गाणं नव्हतं, पण किस्से इतके साठलेत की कुणी "काय गं, बँड कसा चाललाय?" असं विचारलं की मी आधी चहा ठेवते.

लोक हसतात. मला मात्र राग येतो! माझा जन्म कार्डिफचा. आई-बाबा दोघंही तिथल्या हॉस्पिटलमध्ये डॉक्टर, दोघांच्या ड्यूट्या उलटसुलट, म्हणून शाळा झाली ती वाईच्या एका निवासी शाळेत. तिथे सगळ्या शाळेत मिळून एकच गिटार होती, तिलाही एक तार कमी. उरलेल्या तारांवर आम्ही गॅदरिंग गाजवायचो. नोकरीसाठी परत विलायतेत, लंडनजवळच्या मेडनहेडला आले तेव्हा वाटलं, इथे तर काही म्हणजे काही कमी नाही. आता आपण काय काय वाजवू!

इथे खरंच सगळं आहे. वाजवणं सोडून.

*

मिलिंददादा आमचा मुख्य गिटारिस्ट. मूळचा कोल्हापूरचा, चाळिशीपुढचा, सॉफ्टवेअरवाला. त्याच्या गॅरेजमध्ये गाडी मावत नाही, कारण तिथे पेडलं राहतात. पेडल म्हणजे पायाने दाबायची लोखंडी डबी. गिटारची वायर तिच्यातून जाते आणि आवाज बदलून बाहेर पडतो, कधी फाटका, कधी घुमणारा, कधी पाण्याखालून आल्यासारखा.

पहिल्याच दिवशी त्याने मला एक निळं पेडल दाखवलं. जपानहून मागवलेलं. डोळे मिटून एक कॉर्ड वाजवली. "ऐकलंस? हा वॉर्म्थ बघ. लाकडाचा वास येतो की नाही आवाजाला?"

मला काही येईना. "दादा, आधीसारखंच वाटतंय."

"कान तयार व्हायला वेळ लागतो," तो प्रेमाने म्हणाला.

मी खाली वाकून वायर कुठून कुठे गेली आहे ते पाहिलं. पेडलचा लाल दिवा छान लागला होता, पण गिटारची वायर त्याच्या शेजारून सरळ अँपमध्ये, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरमध्ये गेली होती!

मी ते दाखवलं. मिलिंददादाने वायरकडे बघितलं, पेडलकडे बघितलं आणि मान डोलावली. "तरीच म्हटलं, आज इतका नॅचरल कसा वाटतोय!"

*

गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत आम्हाला स्टेज मिळालं. शाळेचा हॉल, समोर सगळं मराठी मेडनहेड, नटूनथटून. मिलिंददादा पेडलबोर्डसमोर गुडघे टेकून बसला आणि साउंडचेक सुरू झाला. एक डबी बंद, दुसरी चालू. एक बटण थोडं डावीकडे, परत थोडं उजवीकडे. मध्येच एक किंकाळी, मध्येच एक घरघर. मी गाणारी, माइक धरून उभी. आमची वेळ संपली तेव्हा त्याने अंगठा वर करून मला सांगितलं, "आता परफेक्ट!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, झालं!

मंडळाचे अध्यक्ष कुलकर्णीकाका, रिटायर्ड सर्जन, स्टेजमागे येऊन म्हणाले, "छान होतं. जरा अॅबस्ट्रॅक्ट होतं, पण छान." आणि मग त्याच सुरात, "पुढच्या वर्षीपासून आपण ट्रॅक लावू या. सगळ्यांनीच. लाइव्ह वाद्यं नकोत, फार वेळ जातो."

सगळ्यांनीच! म्हणजे मंडळातली जी मुलं रविवारी पेटी नि तबला शिकतात, त्यांनीही लॅपटॉपच्या गाण्यावर तोंडं हलवायची! का? तर मोठ्यांना बटणं सापडेनात! मी काकांशी चक्क भांडले. शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या वर्षी दसऱ्याला सहा मिनिटं देतो. एक गाणं, पहिल्यापासून शेवटापर्यंत. झालं तर लाइव्ह राहील. नाही तर ट्रॅक."

गाणं मी लिहिलं, चाल मिलिंददादाने लावली. वर्ष हातात होतं. आता ऐका वर्ष कसं गेलं.

*

आमचा दुसरा गिटारिस्ट प्रसाद. मुंबईचा, फायनान्समध्ये, राहतो लंडनच्या वेम्बलीला. हा गिटार वाजवत नाही, गिटारचं सामान फिरवतो. आज घेतलेलं पेडल महिन्याने विकतो, मग रडतो.

मे महिन्यात प्रॅक्टिसला उशिरा आला, पण चेहऱ्यावर तेज. "मुलगी बघायला गेल्यासारखा गेलो होतो रीडिंग गावाला! असा पीस परत मिळत नाही. एकाच माणसाने वापरलेला, जपून!"

त्याने विकत आणलेली डबी मी उलटी केली तर खाली गणपतीचं स्टिकर. कोपरा फाटलेलं. ते स्टिकर प्रसादच्या मुलीने लावलेलं, मी स्वतः पाहिलं होतं!

"प्रसाद, अरे, हे तुझंच आहे. तू मागच्या वर्षी विकलेलं!"

त्याने स्टिकरवरून अंगठा फिरवला. मग त्याने पेडल छातीशी धरलं. "म्हणूनच गं! हातात घेताक्षणी आपलं वाटलं होतं."

त्या दिवशीची प्रॅक्टिस ते पेडल परत आल्याच्या आनंदात सामोसे खाण्यात गेली.

*

उन्हाळ्यात भांडण झालं. विषय, जगातला सर्वांत थोर गिटारिस्ट कोण. मिलिंददादाचा देव म्हातारा, इंग्रज, एक सूर लावून तो मिनिटभर रडवणारा. प्रसादचा देव अमेरिकन, बोटं दिसत नाहीत इतका जलद. आधी व्हॉट्सअॅपवर व्हिडिओंची फेकाफेक. मग "तुला म्युझिक कळत नाही" आणि "तुझं वय झालंय". मग दोघांचं बोलणंच बंद, आणि प्रॅक्टिसही! ज्यांच्यासाठी हे भांडत होते, त्या दोघांना यांचा पत्ताही नाही!

शेवटी मीच दोघांना गॅरेजमध्ये समोरासमोर बसवलं. "इतकी भक्ती आहे ना? मग आपापल्या देवाचं एक गाणं पूर्ण वाजवून दाखवा."

मिलिंददादाने सुरुवात वाजवली. खरंच सुंदर. आणि थांबला. प्रसादनेही सुरुवात वाजवली. तोही थांबला.

"पुढे?"

"पुढचं एवढं बसवलेलं नाही," मिलिंददादा म्हणाला.

"आणि शेवट?"

या एका मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं. प्रसाद म्हणाला, "शेवट नसतोच गं. रेकॉर्डवर आवाज हळूहळू कमी करतात."

*

सप्टेंबरमध्ये एकदा कुंपणापलीकडून मिलिंददादाच्या शेजारच्या बाईंनी मला हाक मारली. पांढरे केस, हातात बागेची कात्री. मी मनातल्या मनात माफी जुळवायला लागले. इथे शेजाऱ्यांनी कौन्सिलला, म्हणजे नगरपालिकेला, कळवलं की गॅरेज बंदच!

पण बाई म्हणाल्या, "आवाजाचं काही नाही, डिअर. फक्त एक विचारायचं होतं. तुमच्या त्या गाण्यात पहिल्या कडव्यानंतर काय होतं? मी आणि माझा नवरा जूनपासून वाट बघतोय."

मी आत जाऊन हे सांगितलं. मला वाटलं, आता तरी लाज वाटेल.

मिलिंददादा खूश! "बघ, फॅन्स आहेत आपले!"

*

आणि मग दसरा आला. आमच्याकडे दसरा दसऱ्याला नसतो. शाळेचा हॉल ज्या शनिवारी मिळेल त्या शनिवारी असतो. या वर्षीचा शनिवार नेमका खंडेनवमीचा निघाला.

शेवटच्या आठवड्यात मी दोघांना अक्षरशः कोंडून घेऊन गाणं बसवलं होतं. दुपारी सामान गाडीत टाकायला मिलिंददादाकडे पोहोचले, बेल वाजवली. दार उघडलं त्याच्या आईने. काकू नुकत्याच कोल्हापूरहून आल्या होत्या. त्यांच्या हातात खोबरेलात बुडवलेलं फडकं होतं.

दिवाणखान्यात गेले आणि बघते तर काय! चौरंगावर, पाटांवर, सतरंजीवर आमची सगळी पेडलं, दोघांच्या गिटारी, अँप. प्रत्येकावर हळदकुंकू, झेंडू, अक्षता. बटणांच्या फटीत कुंकू! निरांजन तेवत होतं.

"हत्यारांची पूजा," काकू समाधानाने म्हणाल्या. "तुम्हा मुलांना कुठे लक्षात राहणार!"

तेवढ्यात मिलिंददादा आणि प्रसाद वेम्बलीहून मंडळासाठी झेंडू नि आपट्याची पानं घेऊन आले. दोघं दारातच थिजले.

"आई, तासाभरात प्रोग्रॅम आहे!"

"असू दे. पूजेतलं आज हलवायचं नाही. उद्या वाजवा."

"काकू," मी तावातावाने म्हणाले, "हत्यारं वापरायला असतात!"

त्यांनी माझ्याकडे शांतपणे बघितलं. "मी आल्यापासून बघते आहे. पेटीतून काढता, पुसता, परत पेटीत ठेवता. वापरायची घाई आजच कशी गं?"

जे मी वर्षभर ओरडून सांगत होते, ते मलाच ऐकवलं होतं! मिलिंददादाने हात पुढे केला, निरांजनाकडे बघितलं आणि मागे घेतला. घरात कुठलाच देव न मानणारा माणूस!

आणि मग त्याची नजर भिंतीकडे गेली.

भिंतीवर त्याची काळी गिटार असते. त्याच्या त्या म्हाताऱ्या इंग्रज देवाने लंडनमध्ये थिएटरच्या मागच्या दाराशी, चांदीच्या मार्करने सही केलेली. मिलिंददादा त्या दाराबाहेर पावसात ताटकळला होता. त्या दिवसापासून ती कुणी वाजवलेली नाही. वहिनींना तिच्यावरची धूळ झटकायचीही परवानगी नाही!

ती एकटीच पूजेत नव्हती.

"ती राहिली रे," काकू म्हणाल्या. "कुणीतरी तिच्यावर गिरगटून ठेवलंय. तशी घाण पूजेत कशी ठेवायची? खोबरेलाने पुसत होते, तर हिची बेल वाजली. अर्धं निघालंय."

प्रसादने तोंडावर हात ठेवला. सहीतलं आडनाव तेवढं शिल्लक होतं.

मिलिंददादाने त्या आडनावावरून एक बोट फिरवलं. मला वाटलं, झालं, आता ट्रॅकच. मग त्याने गिटार खुंटीवरून काढली, पट्टा खांद्यावर घेतला आणि म्हणाला, "चला. तारा गाडीत सुरात लावून घेतो."

अँप शाळेच्या म्युझिक रूममधला, छोटासा. पेडल एकही नाही. प्रसादने हॉलमधली प्लास्टिकची खुर्ची उलटी धरून तिच्यावर ठेका धरला. कुलकर्णीकाका पहिल्या रांगेत घड्याळाचं मनगट वर करून बसले. मिलिंददादाने गुडघे टेकले नाहीत. त्याला वाकून बघायला खाली काही नव्हतंच. पहिलं कडवं झालं. दुसरं सुरू झालं. त्याच्या हाताची कड दर ठोक्याला त्या आडनावावरून घासत होती आणि तो वाजवत होता, आणि देवाशप्पथ सांगते, असा आवाज त्या गॅरेजमधून कधीच आला नव्हता! तिसरं कडवं. शेवट.

टाळ्या थांबेनात. कुलकर्णीकाका माइकपाशी आले, घसा साफ केला आणि एवढंच म्हणाले, "पुढच्या वर्षी दहा मिनिटं. लाइव्ह."

गर्दीतून वाट काढत काकू स्टेजपाशी पोहोचल्या. गिटार जवळून पाहिली, पदराचं टोक बोटाला गुंडाळलं.

"मिलिंद, उरलेलं पण पुसून देऊ का रे?"

मिलिंददादाने पट्टा मानेतून काढला आणि गिटार आईपुढे धरली.