मनकर्णाची बोटं

रामाकोना गावची मनकर्णा पस्तिशीपर्यंत दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचत होती. मग डोळे गेले. दुसरी असती तर अंथरूण धरून बसली असती. ही बया सौंसरच्या अंधांच्या केंद्रात जाऊन ब्रेल शिकली आणि अशी वाचू लागली की पोरं तिच्याभोवती गोष्टी ऐकायला बसायची. केंद्राला शिकवणारी बाई हवी होती. साहेब म्हणाले, माझ्यासमोर एक पान वाचून दाखव, जागा तुझी.

पान छापायचं काम केंद्रातल्या प्रवीणचं. कॉम्प्युटरवर मजकूर टाकला की सॉफ्टवेअर त्याचे ठिपके करायचं आणि मशीन ते कागदावर उठवायचं. प्रवीणने सवयीने जुन्या फॉन्टात टाइप केलं. स्क्रीनवर मराठी दिसत होतं, पण सॉफ्टवेअरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची खिचडी होती, आणि तिचेच ठिपके उठले. डोळसाला काय, सगळे ठिपके सारखेच.

मनकर्णाची बोटं पहिल्याच ओळीवर अडली. मागे फिरली, पुन्हा अडली.

"भाऊ, काहीच जुळून नाही राहिलं," ती म्हणाली. "कागद पाहा ना एकडाव."

साहेबांनी प्रवीणकडे पाहिलं. मशीन नवं, नोकरी कच्ची. त्याच्या तोंडून निघून गेलं, "कागद बराबर आहे, बाई. इतके वर्ष कापूस वेचला तुमी. बोटं मेले असन तुमचे."

साहेबांना ते पटलं. वाईट म्हणजे मनकर्णालाही पटलं.

संध्याकाळी प्रवीणने कॉम्प्युटरवर ठिपक्यांखाली अक्षरं दाखवणारी खिडकी उघडली आणि चूक त्याच्या ध्यानात आली. फॉन्ट बदलून त्याने तेच पान पुन्हा छापलं. साहेबांना सांगणं मात्र आजचं उद्यावर गेलं, आणि तेवढ्यात जागा भरली. मन खाऊ लागलं तेव्हा तो पान घेऊन रामाकोन्याला गेला.

ती ओट्यावर बसली होती. बोटांना चिंध्या बांधलेल्या.

"तुमचं खरं होतं, भाऊ," ती म्हणाली. "टाच घासाच्या दगडानं मेलेली चामडी काढून राहिली मी. रगत येते, पण निघून राहिली. साहेबाले सांगा, अजून एकडाव वाचून दाखवतो."

प्रवीणला स्वतःची किळस आली. तरी पान पिशवीतच राहिलं.

"अजून घासा लागन का?" तिने विचारलं.

"घासा थोडं," तो म्हणाला, आणि गाडीला किक मारली.