मतदानाआधीचा गुलाल

नंदाच्या प्रचारसभेसाठी खुर्च्या सांगायला मी मंडपवाल्याकडे निघाले होते. चौकात हलगी कडाडत होती, गुलाल उडत होता. मतदानाला अजून बरेच दिवस होते, तेव्हा मला वाटलं, कुणाची तरी वरात असेल. जवळ गेले तर गर्दीत नंदाच. सरपंचपदासाठी तिच्या अर्जावर सूचक म्हणून माझी सही होती. आणि ज्या आक्कांच्या विरोधात ती उभी होती, त्यांच्याच गळ्यात ती हार घालत होती.

"अगं, हे काय?"

"माघार घेतली, वहिनी. काल देवळात बैठक झाली. गावाचा एकोपा राहावा म्हणून सरपंचासकट सगळ्या जागा बिनविरोध करायचं ठरलं."

"बैठकीला बायका किती होत्या?"

"मीसुद्धा नव्हते," ती म्हणाली आणि हसली.

हरणं मला समजतं. मतं कमी पडली की माणूस मुकाट्याने घरी येतो. इथे कुणी हरलंच नव्हतं. भांडण टळल्याचा आनंद सगळ्यांच्या तोंडावर होता, तोही खरा. त्या आनंदात आमच्या आळीच्या कोरड्या नळाबद्दल बोलणारी एकुलती एक उमेदवार नाहीशी झाली होती. एकोपा असा कुणाला न विचारताही होतो?

तेवढ्यात शेजारच्या शेवंताकाकूंनी गर्दीतून वाट काढत नंदाचा हात धरला. "पोरी, तुझं चिन्ह कुठलं गं? सुनांना सांगून ठेवते."

"यंदा केंद्रावर जायचं नाही, काकू," नंदा म्हणाली. "तुमचं मत देऊन झालं."