आईचं लंगडं मेंढरू

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही, आणि हे लिहून झाल्यावर बसेल असंही वाटत नाही. चर्चमध्येसुद्धा मी जातो ते आईला पोचवायला.

आम्ही युसूफ वडगावचे. आईची नजर काचबिंदूनं हळूहळू गेली, गेल्या वर्षी पूर्णच. तिला एकच धास्ती – ज्याच्यासमोर तीस वर्षं प्रार्थना केली, ते भिंतीवरचं काचेच्या चौकटीतलं 'उत्तम मेंढपाळा'चं, म्हणजे मेंढरांमधल्या येशूचं, चित्र मनातून पुसून जाईल. त्याच सुमारास आमच्या चर्चच्या पाळकांनी 'चित्रातून प्रार्थना' हा उपक्रम सुरू केला. बॅनर होतं, हार होते, तीन भाषणं झाली. चित्र मात्र एकही नव्हतं. पण युक्ती बरी होती. रोज चित्रातली एकच गोष्ट घ्यायची आणि तिच्यावर प्रार्थना करायची. सकाळी आई काचेवर बोट टेकवायची, तिथं काय आहे ते मी सांगायचो.

पंधरा दिवसांत चित्र संपलं. एकदा पेपरातून मान वर न काढता मी ठोकून दिलं, "इथं एक मेंढरू लंगडतंय."

आईनं हात जोडले. पुढं रोज त्याच्यासाठीच प्रार्थना... "प्रभू, त्या लंगड्याला मागं टाकू नको."

आठवड्यानं शेजारचे बापू दूध घालायला आले. मेंढरं राखण्यात हयात गेलेला माणूस. दारातूनच म्हणाले, "फोटोतलं ते कडंचं मेंढरू पाय टेकंना की. खुरात काटा गेलाय त्याच्या. का काढला न्हाई रं?"

मी हसत उठलो... त्या मेंढराचा पुढचा डावा पाय उचललेला होता. नाताळात मोबाइलवर काढलेला चित्राचा फोटो मोठा करून पाहिला. चारही पाय जमिनीवर.

बापू गेल्यावर आईला म्हणालो, "मी खोटं बोललो होतो."

"ठावं हाय. तीस वर्सं बघितलंय मी ते. इतक्यात इसरंन व्हय? लंगडं एकबी न्हाई त्यात. मी तुज्यासाठी मागत होते."

"पण आता आहे, आई. बापूंनीच दाखवलं."

काचेवरचं तिचं बोट थांबलं. तिचाही चेहरा उतरला, आणि त्यानं मी जास्त हादरलो.

चित्र उतरवून पाहिलं: मागचे खिळे गंजलेले, चौकट उघडल्याची खूण नाही. उलगडा आजतागायत झालेला नाही. रोज सकाळी ती विचारते, "टेकला का पाय?"

मी जवळ जाऊन नीट पाहतो. "न्हाई."

"मग बस हितं प्रार्थनेला," आई म्हणते, आणि मी बसतो.