न कुजणारी पानं

माझी मावशी चाळीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत होती. रक्ताचा डाग असो की औषधाचा, तिच्यापुढे टिकत नसे. फक्त घरामागचं अंगण तिला दाद देत नव्हतं.

तिथं काका, म्हणजे तिचे यजमान, जुन्या बॅटऱ्या फोडून शिसं वितळवायचे. काका गेले, भट्टी मोडली, शिसं मातीत राहिलं. त्या अंगणात बदामाची पानं पडत आणि तशीच राहत. चार वर्षांपूर्वीचं पान उचललं तरी शिर न् शिर शाबूत. कुजवणारे जीवच उरले नव्हते. एकदा मेलेली चिमणी दिसली. महिन्याने गेलो तरी ती तशीच, मुंगीसुद्धा फिरकली नव्हती. मला तिथं भीती वाटायची, खोटं कशाला बोलू?

"माती नीट झाल्याशिवाय पोरीला आणणार नाही," असं मावशीच्या लेकीने ठणकावलं होतं. मावशी नातीसाठी झुरत होती. मी माती तपासणाऱ्या लॅबमध्ये कामाला, त्यामुळे अक्कल पाजळायची सवय होतीच.

"चांगलं कुजलेलं खत घाल," मी म्हणालो. "ते शिशाला धरून ठेवतं."

"धरून ठेवून काय करू? मला ते जायला हवंय."

"मावशी, शिसं कुठं जात नसतं. गप पडून राहिलं तरी पुष्कळ झालं."

ती वाद घालत बसली नाही. वर्षाने मातीतलं शिसं निम्म्यावर आलं. लॅबच्या साहेबांनी नमुना दोनदा तपासायला लावला. मी रिपोर्ट नाचवतच तिच्या घरी गेलो. मावशीने डोळे पुसले आणि विचारलं, "पण गेलं कुठं रे?"

"गेलं ना? झालं तर मग!" मी म्हणालो. त्या वाक्याची मला आज लाज वाटते.

लेक नातीला घेऊन राहायला आली. आठ महिन्यांनी मी गेलो, तर अंगणात गवत होतं, गांडुळं होती, पानं कुजून मऊ झाली होती. नात मात्र फिकट पडलेली, सारखी पोट धरून बसायची. "खातच नाही कार्टी," मावशी म्हणाली.

मी पाय धुवायला अंगणाखालच्या उतारावरच्या हातपंपाशी गेलो. पंपाखालच्या डबक्यात पानं होती. तळातली उपसून पाहिली. तपकिरी, कडक, शिर न् शिर शाबूत. काठावर एक बेडूक बसला होता. काडीने ढोसला तर आडवा झाला. मेलेला होता, पण त्याला वाससुद्धा नव्हता.

"मावशी, तू खतच घातलंस ना?"

"खताने डाग निघतो होय? खड्ड्यात कचरा सडवला. त्याचं काळं पाणी रोज वीस बादल्या ओतलं. भिजवल्याशिवाय सुटतं का काही?"

त्या काळ्या पाण्याने शिशाला धरलं होतंच, फक्त एका जागी न थांबता ते त्याला घेऊन उतारावर निघालं होतं.

"प्यायला पाणी कुठलं वापरता?"

नात दोन्ही हातांत पेला सांभाळत आली. "मामा, घे. पंपाचं आहे, गार. मी रोज पाच पेले पिते. आजी म्हणते, पाण्याने पोट स्वच्छ होतं."

मावशीने तिच्या हातातून पेला काढून घेतला. तो कुठं ओतावा, हे तिला कळेना.