दोन ग्रेन की दोन ग्रॅम?

ते प्रकरण आठवलं की आजही माझं डोकं तापतं. आधी इतरांवर, मग स्वतःवर.

मी ठाण्याला फौजदार होतो. एके सकाळी माजिवड्याची एक बाई चौकीवर आली. तिची म्हातारी आई हिवतापाने पडली होती. आता तिला ऐकू येईनासं झालं होतं, डोळ्यांपुढे अंधार होता आणि ओकाऱ्या थांबत नव्हत्या.

"भावजयीनं इख घातलं, सायेब," बाई म्हणाली. "दोघींचं कधी पटलंच नाय."

मिठागरावर राबणारं घर. मुलगा कामाला उरणकडे गेलेला. मी पंचनामा केला, म्हातारीला इस्पितळात हलवलं, फळीवरच्या उरलेल्या सहा पुड्या आणि डॉक्टरची चिठ्ठी जप्त करून सिव्हिल सर्जनकडे तपासायला पाठवली आणि सुनेला चौकीवर आणलं.

दोन दिवस मी तेच ते विचारलं, तिने तेच ते सांगितलं. "दवाखान्यातून बारा पुड्या आनल्या. सांगितल्या तशा सहा पाजल्या. पुडी मोठी वाटली म्हनून इचारलं, तर कंपौंडर वराडला, औषधातलं तुला जास्त कळतं का?"

जमादाराने हे जबानीत लिहून घेतलं. मी वाचलं आणि पान उलटलं. सुनेनेच विष घातलं असणार, हे मी आधीच ठरवून बसलो होतो ना!

तिसऱ्या दिवशी सिव्हिल सर्जनने बोलावणं पाठवलं. "फौजदार, पुडीत विष नाही. शुद्ध क्विनाइन आहे. पण चिठ्ठीत दोन ग्रेन लिहिलंय आणि पुडीत तीस ग्रेनच्या वर भरतंय. म्हातारी बहिरी होणार नाही तर काय?"

तसाच त्या खासगी दवाखान्यात गेलो. कंपौंडरने मोठ्या अभिमानाने वजनांची नवी पेटी पुढे केली. फ्रान्सहून आलेली, पितळी. प्रत्येक वजनावर आकडा आणि पुढे इंग्रजी 'जी' अक्षर.

"दोन लिहिलं होतं, दोन घातलं," तो म्हणाला.

"दोन काय?"

"दोन म्हणजे दोन, साहेब."

"अहो, ही ग्रॅमची वजनं आहेत. चिठ्ठीत ग्रेन आहे."

"नाव निराळं असेल. वजन ते वजन."

अर्धा तास हेच चाललं. पंच म्हणून आणलेला वाणीही त्याच्याच बाजूने मान डोलवू लागला. शेवटी वैतागून मी बाजारातल्या सोनाराला तराजूसकट बोलावलं.

त्याने सर्जनकडून आणलेलं दोन ग्रेनचं वजन एका पारड्यात ठेवलं. समोर एक गुंज टाकली, पारडी जवळजवळ सारखी झाली. मग कंपौंडरचं दोनाचं वजन ठेवलं. एक गुंज, चार, आठ. पारडं हलेना. सोळा गुंजा टाकल्या तरी वजनाचं पारडं किंचित खालीच.

"सोळा गुंजा म्हणजे दोन मासे भरले की हो!" सोनार म्हणाला. "एका गुंजेच्या जागी सोळा! सोन्यात मी असा घोळ घातला असता तर गिऱ्हाइकानं दुकान जाळलं असतं."

कंपौंडरने ते वजन उचलून उलटंपालटं करून पाहिलं. मग म्हणतो, "मग पेटीवर नीट लिहायला नको का?"

मी हात आवरला, एवढंच. त्याच्यावर हयगयीचा खटला भरला आणि पुढे त्याला शिक्षाही झाली.

त्याच संध्याकाळी सुनेला सोडायला गेलो. तिने मला शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तिने विचारलं, "म्हातारीला कोन जेवाया घालते?"

मी स्वतः तिला इस्पितळात घेऊन गेलो. म्हातारीची नजर अजून धूसर होती, कान बंदच. लेक पेजेची वाटी घेऊन शेजारी बसली होती आणि म्हातारी तोंड मिटून होती. सुनेने वाटी घेतली, म्हातारीने तिचा हात चाचपला, बांगड्या ओळखल्या आणि तोंड उघडलं. लेक उठून बाहेर गेली.

महिनाभरात म्हातारीला पुन्हा ऐकू येऊ लागलं. गावात मात्र पुढे कितीतरी दिवस बायका कुजबुजत होत्या, पोलिसांनी उगाच नेलं नसेल.

आकडा ऐकला की तो कशाचा, हे आधी विचारावं, एवढं मी त्या प्रकरणातून शिकलो. पण दोन दिवस एक बाई मला खरं सांगत होती, आणि तिचं बोलणं मी कोणत्या मापाने मोजत होतो, हे मला अजून नीट सांगता येत नाही.