मिस्त्रीचा डोळा आणि न जाणारी ओल

मिस्त्री म्हातारा झाला होता, पण विटांचा थर लावायला बसला की जवान पोरं मागे पडायची. त्याच्या हाताखाली त्याची थोरली मुलगी शिकली. आता तीही मिस्त्री. तिला बाईमाणूस म्हणून हसणाऱ्याची म्हातारा तिथंच खरडपट्टी काढायचा.

एकदा तिनं बांधलेल्या भिंतीसमोर तो थबकला.

"मधे पोट आलंय. पाड ती!"

"बाबा, सरळ आहे."

"मला शिकवतेस? ओळंबा आण."

तिनं ओळंबा सोडला. वजनानं दोरी ताठ झाली. म्हाताऱ्यानं एक डोळा मिटून बघितलं. दोरीलाही पोट आलं होतं! वजन लावून लोंबणारी दोरी वाकडी कशी होईल? त्यानं दुसऱ्या डोळ्यानं बघितलं. दोरी सरळ, भिंतही सरळ.

"राहू दे भिंत," तो हळूच म्हणाला. "माझाच डोळा गंडलाय."

डोळ्यांच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणाल्या, वयामुळं डोळ्याच्या मागच्या पडद्याखाली पाणी झिरपतंय. इंजेक्शन थेट डोळ्यात. ऐकूनच म्हातारा चुन्यासारखा पांढरा पडला. तरी दर महिन्याला गेला.

काही महिन्यांनी डोळ्याच्या आतला फोटो काढला, तर थोडं पाणी अजून होतंच. म्हातारा उठलाच.

"ओल गेली नाही म्हणजे काम फसलं. बास झालं. मी नाही येणार."

"फोटो सोडा, आधी ही अक्षरं वाचा," बाई म्हणाल्या.

त्यानं वाचली. पहिल्या वेळेपेक्षा दोन ओळी खालपर्यंत.

"पाणी पूर्ण सुकूनही काहींची नजर येत नाही. तुमचं थोडं उरलंय, पण वाढत नाही, आणि नजर सुधारलीय. इंजेक्शनं बंद केलीत, तर ही नजरही जाईल."

म्हातारा तरी दाराकडं निघाला. सोबत आलेली थोरली आडवी आली.

"गिलावा अर्धा टाकून मी घरी गेले असते, तर तुम्ही काय केलं असतं?"

"थोबाड फोडलं असतं."

"मग?"

"जास्त शहाणी झालीयेस," म्हातारा गुरगुरला. आणि गपचूप खुर्चीत जाऊन बसला. "चला बाई, टोचा."

थोरली बाहेर रांगेजवळ जाऊन थांबली. थोड्या वेळानं नर्सनं बाहेर डोकावून विचारलं, "यांच्यासोबत कोण आहे?"

"मी! मुलगी त्यांची!" थोरली एवढ्या जोरात म्हणाली, की सगळी रांग वळून बघायला लागली. बघू दे की.