आधी तोंड, मग फोड

रविवार, अकरा जानेवारी, सकाळी दहा. वडवणीचा दवाखाना. हजर: डॉ. शैलाबाईंची थोरली बहीण, चौदा आशाताई, दिंद्रुडचे बापूराव, त्यांची सून रुक्मिण आणि ही हजेरी लिहिणारी मी, बाईंची नर्स. शोकसभा म्हणायचं नाही, असं बहिणीनं फोनवरच बजावलं होतं. शैलाला दोन मिनिटं गप्प बसणं जन्मात जमलं नाही, तिच्या नावानं आपण तरी कशाला बसायचं? म्हणून पोहे, चहा आणि गप्पा.

बाई जाऊन पाच आठवडे झाले. सकाळी फिरायला गेल्या आणि वाटेतच हृदय थांबलं. फोन आला तेव्हा मी बुधवारच्या पेशंटांची यादी करत होते. अठरा नावं होती. अठराही जणांना मीच एकेक करून कळवलं. हातात काम असलं की माझं डोकं ठिकाणावर राहतं. रडले ते शनिवारी.

बाई माजलगावच्या, कातडीच्या डॉक्टर. दर बुधवारी वडवणीला यायच्या. आमच्याकडे अंगावर पाण्याचा फोड दिसला की त्याला नागीण म्हणायचं, गेरू लावायचा आणि तिचं तोंड शेपटीला मिळू नये म्हणून धास्तावून बसायचं, ही रीत. बाई त्यावर चिडायच्या नाहीत. एकदा आशाताईंच्या बैठकीला त्या डब्यात पुऱ्या आणि ताजी भाकरी घेऊन आल्या. ‘ही टम्म पुरी. असा फोड दाबला तरी लवकर फुटत नाही. म्हणजे कातडी खोलवर सुटलीय, वरचं छत जाड आहे. हे बहुतेक म्हाताऱ्या माणसांत दिसतं. आणि हा भाकरीचा पापुद्रा. बोट लागलं की निसटतो. म्हणजे कातडी वरच्यावर सुटलीय. हा जिवावरचा.’ खरी नागीण मात्र अंगाच्या एकाच बाजूला, पट्ट्यानं उठते आणि ठणकते. ‘मॅडम, आता घरी जेवू का नको?’ एका आशाताईनं विचारलं. बाईंना हसून हसून ठसका लागला. ‘जेव गं. फक्त भाकरीवरून संशय घ्यायचा, नाव द्यायचं नाही. नाव कातडीचा तुकडा तपासल्यावर.’ मग तो सगळा धडा आम्ही लोणच्याबरोबर खाल्ला.

त्यावरून मी नोंदवहीत रकाने आखले: टम्म की सैल, एक बाजू की दोन्ही, खाज की आग, तोंडात फोड आहेत का. वहीचा मला गर्व होता... तो उतरला रुक्मिणीच्या दिवशी. बापूराव पंचक्रोशीत नागिणीवर गेरू देणारे. घरच्या सुनेलाच दोन महिने गुण येईना, तेव्हा तिला घेऊन आले. पाठीवर, छातीवर सगळे फोड फुटून वर गेरूची खपली. टम्म की सैल, कळायला जागा नाही. पोर अंगावर पिणारं आणि ही वाळून काडी झालेली. ‘तोंडात काही?’ मी विचारलं. ‘काय न्हाई,’ बापूराव म्हणाले. रुक्मिण तोंडावर पदर धरून उभी. मी लिहून मोकळी झाले: तोंड ठीक.

बाईंनी वही वाचली. ‘सिस्टर, तोंड बघितलं कुणी?’

‘विचारलं, मॅडम.’

‘कुणाला?’

बाई बापूरावांकडे वळल्या. ‘बापूराव, बाजारातून जरा पेरू आणता? पिकलेले बघा.’

‘आत्ता? कावून?’

‘भूक लागलीय म्हणून.’

ते गेले. बाईंनी दार लावलं आणि रुक्मिणीसमोर स्वतःच मगरीसारखा मोठा आ केला. रुक्मिणीला हसू फुटलं, पदर घसरला आणि हसता हसता ती कळवळली. हिरड्या, टाळू, सगळं सोललेलं. दोन महिने ती पेज गिळून जगत होती. ‘मामंजींपुढं तोंड कसं वासू?’ एवढंच म्हणाली. बाईंनी जखमेशेजारच्या धड कातडीवर हलकेच बोट सरकवलं आणि तीही सुटून आली. तुकडा तपासणीला गेला. पुढे भाकरीच्या पापुद्र्याचाच संशय खरा निघाला.

बापूराव पेरू घेऊन परतले तेव्हा बाई आडपडदा न ठेवता म्हणाल्या, ‘ही नागीण नाही. आणखी उशीर झाला असता तर सून हातची गेली असती.’ बापूरावांनी पेरू खाली ठेवले. म्हणाले, ‘मग मी वळखावं कसं, बाई?’ ‘आधी तोंड, मग फोड. बायका तुम्हाला दाखवणार नाहीत, घरातल्या बाईला बघायला सांगा.’ मी चुकीची नोंद खोडायला पेन काढलं, तर बाईंनी हात धरला. ‘राहू द्या. चूक दिसली पाहिजे.’ रुक्मिणीला गोळ्या सुरू झाल्या, दर बुधवारी तपासणी. काही महिन्यांनी तिनं इथंच बसून ठेचा-भाकरी खाल्ली आणि बाईंनी टाळ्या वाजवल्या. बापूरावांनी त्यानंतर पाठवलेली नऊ माणसं माझ्या वहीत आहेत.

त्या रविवारी पोहे संपल्यावर मी बाईंचं राहिलेलं काम सगळ्यांपुढे ठेवलं. गावोगावच्या भिंतींसाठी त्यांनी एक तक्ता काढायला घेतला होता. फोडांची चित्रं झालीत, पहिला चौकोन रिकामा आहे. खाली बाईंच्या अक्षरात लिहिलंय: ‘तोंड असं बघा.’ तिथं फोटो हवा होता. ‘कुणाचा काढू?’ मी विचारलं. चौदाच्या चौदा जणी एकमेकींकडे बघू लागल्या.

‘माझा काढा,’ रुक्मिण म्हणाली. ‘सिस्टर, तुमी ब्याटरी धरा.’

बापूराव लगबगीनं उठले. ‘मी भाईर जातो.’

‘बसा की मामंजी! सगळ्या भिंतींवर लागणार हाय, कुठं कुठं भाईर जाताल?’

बाईंची बहीण हसता हसता डोळे पुसायला लागली. मी सहा वेळा फोटो काढला, सहाही हललेले, कारण आ केला की रुक्मिणीला हसू येतं. बुधवारी ती वजन-बीपी तपासायला माझ्याकडे येईल, तेव्हा पुन्हा काढायचा आहे.